चाकांवरची चूल

आमच्या भाषेत 'चिमणी' या एका शब्दात तीन वस्तू राहतात, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगतो. एक अंगणात दाणे टिपते, दुसरी रॉकेलवर जळते आणि तिसरी छपरातून धूर बाहेर नेते. उर्दूच्या तासाला याच तिसऱ्या चिमणीला 'दूदकश' म्हणतात असं सांगितलं की पोरं हसतात. त्यांना वाटतं, दूध ओढणारं मांजर असेल. मग समजावून सांगावं लागतं की फारसीत 'दूद' म्हणजे धूर आणि 'कश' म्हणजे ओढणारा. धूर ओढून घेणारा तो दूदकश. व्युत्पत्ती म्हणून ठीक आहे, पण या ओढण्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वेल्सच्या डोंगरात कळलं.

सांगतो कसं ते.

माझे चुलतभाऊ बर्मिंगहॅमला असतात. घरात सगळेच त्यांना 'भाई' म्हणतात, मीही तेच म्हणतो. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावातून ते तरुणपणी लग्न होऊन तिकडे गेले आणि आयुष्यभर शहर बस चालवली. कोकणातल्या मुसलमान घरांना परदेश काही नवा नाही. आमचे आजोबा आगबोटीवर डेकवर होते. घराघरात एखादा सारंग, एखादा टंडेल, पुढे एखादा आफ्रिकेत, एखादा आखातात आणि एखादा विलायतेत, असा हिशेब असतोच. तेव्हा भाई तिथे गेले यात नवल नव्हतं. नवल झालं ते तीन वर्षांपूर्वी. भाभी वारल्या, भाई निवृत्त झाले आणि त्यांनी माल पोचवणारी एक जुनी, उंच टपाची व्हॅन विकत घेतली. आतून फळ्या मारल्या, मागे पलंग केला, ओटा केला आणि एका कोपऱ्यात चक्क लाकडाची चूल बसवली.

गावात बातमी पोचली ती अशी की 'भाईचं डोकं फिरलंय, चांगलं घर सोडून बंजाऱ्यासारखा गाडीत राहतो.' खरं म्हणजे ते घरातच राहत होते; महिन्यातून आठ-दहा दिवस व्हॅन घेऊन जात. पण त्यांच्या दोन्ही मुलींना घोर लागला होता. घोर गाडीचा नव्हता, त्या चुलीचा होता. थोरलीने मला फोन केला. "चाचा, अब्बा आमचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. सुट्टीत या, चार दिवस त्यांच्याबरोबर राहा आणि आम्हाला खरं काय ते सांगा. तुम्ही म्हणालात की धोका आहे, तर आम्ही गाडी विकायला लावू." तिकीट तिनेच काढलं. मी बी.एड. केलेला भाषेचा मास्तर. इंजिनियर नाही, अग्निशमन दलातला नाही. पण घरात एखादा शिक्षक असला की त्याला सगळं कळतं असं लोक धरून चालतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे वेल्सकडे निघालो. भाईंनी निघण्याआधी टपावरचा नळीचा वरचा तुकडा काढून आत ठेवला, भोकावर झाकण लावलं आणि चुलीत हात घालून राख थंड आहे याची खात्री केली. "चालत्या गाडीत विस्तव नाही, मास्तर. हा पहिला कायदा." दुसरा कायदाही लगेच सांगितला: चूल जमिनीला बोल्टने जखडलेली हवी. अडीच-तीन पायल्या तांदळाच्या पोत्याएवढं लोखंड जोराचा ब्रेक लागला की डोक्यात येईल.

चूल पाहिली तेव्हा मला आमच्या न्हाणीतला तांब्याचा बंब आठवला. ज्यांच्या घरी बंब होता त्यांना हे यंत्र समजावून सांगायला नको. बंबाच्या पोटातून उभी नळी जाते, खाली जाळ, वर धूर, मधे पाणी तापतं. इथे पाण्याऐवजी हवा तापते, एवढाच फरक. आकार बंबाच्या निम्मा. पुढे काचेचं दार, दाराच्या कडेला काचतंतूंचा दोर, म्हणजे फटीतून धूर येऊ नये. खाली हवेची एक चकती, ती फिरवली की जाळ कमी-जास्त होतो. चुलीच्या मागे आणि बाजूला पत्रा, पण तो फळीला चिकटवलेला नाही. मधे बोटभर पोकळी ठेवलेली. "पत्रा तापतो, पण मागची हवा वर निघून जाते, म्हणून लाकडी भिंत तापत नाही," भाई म्हणाले. टपातून जिथे नळी जाते तिथे ती दुहेरी आहे: आत एक, बाहेर एक, मधे उष्णतारोधक भरलेलं. त्यामुळे टप जळत नाही, आणि नळी आतून गरम राहते. हा दुसरा फायदा मला नंतर नीट कळला.

धूर वर का जातो? गरम हवा हलकी असते, म्हणून. नळी गरम असली की ती खालची हवा ओढते. नळी थार पडली की ओढ संपते. दूदकशचा 'कश' तापमानावर चालतो. म्हणून भाई पेटवताना आधी कागदाचा बोळा आणि बारीक काटक्यांचा जोरदार जाळ करून नळी तापवत, मग मोठं लाकूड. आमची अम्मी चूल पेटवताना आधी झावळीचं पात, मग करवंटी, मग सोडण घालते, तसंच.

लाकडाचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. एक किलो सुक्या लाकडात साधारण चार युनिट उष्णता असते. वीजबिलातलं युनिट, तेच. छोट्या चुलीत त्यातलं तीनच्या आसपास हाती लागतं, बाकी नळीतून जातं. व्हॅनसारख्या लहान जागेला थंडीत दोन किलोवॅटपर्यंत उष्णता पुरे होते. म्हणजे संध्याकाळचे चार तास ऊब हवी तर तीन किलो लाकूड. ऐकायला थोडं वाटतं. पण चुलीचं पोट एवढंसं की वीतभर लांबीचाच तुकडा मावतो, आणि तो अर्ध्या-पाऊण तासात संपतो. दर अर्ध्या तासाने उठायचं, दार उघडायचं, तुकडा घालायचा. आणि जरा जास्त घातला की व्हॅनची भट्टी होते. बाहेर दोन अंश आणि आम्ही आत गंजीफ्रॉकवर बसून खिडकी उघडतो आहोत, असंही झालं.

लाकूड सुकंच हवं. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून किरकोळीत विकायच्या सरपणात वीस टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. भाईंकडे दोन सुयांचं छोटं यंत्र आहे. लाकूड चिरून आतल्या बाजूला सुया टोचायच्या, आकडा दिसतो. आमच्याकडे दोन तुकडे एकमेकांवर आपटतात. टणक आवाज आला तर सुकं, बद्द आला तर ओलं. मी तसं करून दाखवलं, मग यंत्र लावलं. आवाज आणि आकडा यांचं एकमत झालं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवण्यात ताकद घालवतं, धूर करतं, आणि तो धूर थंड नळीत डांबरासारखा थिजून बसतो. तो थर साचला की नळी कोंडते किंवा एखाद्या दिवशी नळीलाच आग लागते. भाईंच्या गोणीत बहुतेक लाकूड 'ॲश' नावाच्या झाडाचं होतं. इंग्रजीत राखेलाही ॲशच म्हणतात. २०१२ पासून ब्रिटनमध्ये या झाडावर बुरशीचा रोग पसरला आहे, झाडं मरताहेत, तोडावी लागताहेत, म्हणून त्याचं सरपण मुबलक. जळण्याआधीच राखेचं नाव घेऊन उभं असलेलं झाड! भाषेच्या मास्तराला असल्या गोष्टींचा नाद असतो, वाचकांनी चालवून घ्यावं.

नादावरून आणखी एक. आम्ही थांबलो होतो त्या माळावर शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे पूर्वज जिप्सी, म्हणजे रोमानी. घोड्याच्या रंगीत गाड्यांतून फिरणारे. त्या गाड्यांतही छोटी लोखंडी चूल असे. त्यांनी भाईंच्या टपाकडे बघून मान डोलावली आणि म्हणाले, "नळी बरोबर बाजूला आहे." तिकडे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या डावीकडे लागणार, म्हणून जुन्या गाड्यांची चिमणी नेहमी उजवीकडे. मग बोलता बोलता ते विस्तवाला 'योग' म्हणाले, पाण्याला 'पानी' आणि लाकडाला 'कोश्त'. मी चहाचा पेला खाली ठेवला. युरोपातल्या रोमानीत हेच 'याग' आणि 'कश्त' असं आहे. आग, पाणी, काष्ठ. त्यांची भाषा हिंदुस्थानातून गेलेली आहे हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पंडितांनी दाखवून दिलं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण हजार वर्षांपूर्वी इथून निघालेला 'आग' हा शब्द एका म्हाताऱ्याच्या तोंडून, वेल्सच्या पावसात, चुलीकडे बोट दाखवून ऐकणं वेगळं. गावात भाईंना कुणी बंजारा म्हणतं, तेव्हा आता मला राग येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो: धोका.

पहिली भीती आगीची वाटते, पण ती दिसते तरी. खरी भीती न दिसणाऱ्या वायूची. लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात उत्तरेतून बातम्या येतात: बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून शेगडी ठेवायची आपली रीतही या बाबतीत विचार करण्यासारखी आहे. लोकांना वाटतं धूर नाही म्हणजे धोका नाही. उलट आहे. लालबुंद निखारा धूर करत नाही, पण हा वायू भरपूर करतो. जाळ संपून निखारे उरले आणि नळी गार होऊ लागली, ती वेळ सर्वांत वाईट.

म्हणूनच एक हदीस मला फार जवळची वाटते. मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसकट जळालं. पैगंबर साहेबांच्या (स.) कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी बजावलं की आग ही तुमची शत्रू आहे, झोपायला जाताना ती विझवत जा. ही हदीस सहीह बुखारीत आहे. काश्मिरात लाकडाच्या चुलीलाही 'बुखारी'च म्हणतात. दोन्ही बुखारींचा एकमेकांशी संबंध नाही. इमाम साहेबांचं नाव बुखारा शहरावरून आणि चुलीचं 'बुखार' म्हणजे वाफ या शब्दावरून. आपण तापालाही बुखार म्हणतो तो तिथलाच. पण चुलीतल्या बुखारीजवळ झोपणाऱ्याने पुस्तकातली बुखारी ध्यानात ठेवली पाहिजे, एवढं मी भाईंना म्हणालो. ते म्हणाले, "ठेवतो. इशा झाली की शेवटचं लाकूड. त्यानंतर नाही."

आणि खरोखरच त्यांची शिस्त चोख होती. खाली जमिनीजवळ आणि वर टपात कायमच्या उघड्या जाळ्या. थंडी आत येते म्हणून लोक त्या चिंध्यांनी बुजवतात, भाईंनी बुजवल्या नव्हत्या. वायूची सूचना देणारा भोंगा होता, तोही घरातला नव्हे. गाड्या आणि बोटींसाठी युरोपात वेगळं मानक आहे, ईएन ५०२९१ चा दुसरा भाग, त्यातला. रोज संध्याकाळी त्याचं बटण दाबून आवाज तपासायचे. पलंगाजवळचं मागचं दार आतून उघडत होतं, म्हणजे चुलीला ओलांडून पळावं लागू नये.

तरीही दुसऱ्या रात्री ते घडलं. मगरीब नऊ-दहा मिनिटांत संपवून आम्ही खिचडी टाकली होती. वारा अचानक फिरला. डोंगरावरून खाली येणारा वारा टपावर आदळला की नळीतून वर जाण्याऐवजी खाली दाबतो. दाराच्या कडेने धुराची एक रेघ आली, मग दुसरी. भाईंनी सरकतं दार उघडलं, मला बाहेर ढकललं, चकती बंद केली आणि स्वतःही बाहेर आले. थोड्याच वेळात आत भोंगा ओरडू लागला. दार सताड उघडं, पाऊस आत जातोय, भोंगा ओरडतोय आणि आम्ही दोघे घोंगडी पांघरून चिखलात उभे. निखारे विझेपर्यंत दीड तास गेला. खिचडी थंडच खाल्ली. रात्री थंडगार व्हॅनमध्ये झोपलो. फजरला उठलो तेव्हा आत चार अंश होते आणि वुजूचं पाणी हाताला चावत होतं.

चहा घेताना भाई म्हणाले, "मास्तर, कालचं मुलींना सांगू नकोस."

मी विचारलं, "मग मी आलो कशाला?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरात बटण दाबलं की भिंती तापतात. कुणी उठत नाही, कुणी बसत नाही. भाभी गेल्यानंतर मी दोन-दोन दिवस त्या सोफ्यावरून हललो नाही. इथे अर्ध्या तासाने उठावं लागतं. न उठलो तर थंडी वाजते. ही चूल मला हाक मारते. तू सांगितलंस तर त्या गाडी विकतील."

मला उत्तर सुचलं नाही. अम्मी डोळ्यांसमोर आली. तिने चाळीस वर्षं फुंकणीने चूल फुंकली. तिचा खोकला वाढला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात विडी कोण ओढतं? कुणीच नाही. छातीत होता तो चुलीचा धूर. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गावात घरोघरी सिलिंडर आले, आमच्याकडे त्याआधीच होता; तरी तांदळाची भाकरी ती अजून चुलीवरच करते. "गॅसवर भाकरी होते, पण बसायला कुणी येत नाही," असं तिचं म्हणणं. चुलीजवळ माणसं येऊन बसतात, हे खरंच आहे. भाईंची हाक आणि अम्मीचं बसणं एकच आहे. आणि धूरही एकच.

मी भाईंना म्हणालो, "सांगणार. पण तुमच्यासमोर सांगणार, आणि सगळं सांगणार. भोंगा वाजला हेही आणि तुम्ही आत्ता बोललात तेही."

भाई रागावले. परतीच्या वाटेवर बर्मिंगहॅम येईपर्यंत त्यांनी फक्त रस्त्याबद्दल बोलणं केलं. घरी दोन्ही मुली आल्या होत्या. मी घडलं तसं सांगितलं. धाकटी रडली. थोरली म्हणाली, "म्हणजे विकायची." मी म्हटलं, आधी सोफ्याचं ऐकून घ्या. ते भाईंनी स्वतः सांगायला हवं होतं, आणि थोडं अडखळत का होईना, सांगितलं. मुलींना ते माहीत नव्हतं. बापाने आपल्या पोरींना एकटेपणाबद्दल सांगायचं असतं, हे आमच्या पिढीला कुणी शिकवलेलं नाही.

शेवटी जे ठरलं ते असं. नळी वर आणखी उंच करायची आणि तिच्या डोक्याला वाऱ्याने उलटा दाब येणार नाही अशी टोपी बसवायची. दुसरा भोंगा पलंगाजवळ. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी आणि दर महिन्याला नळीतून ब्रश. विमा कंपनीला चूल आहे हे लेखी कळवायचं. सोसाट्याच्या वाऱ्यात पेटवायची नाही. रात्रीसाठी डिझेलवर चालणारा छोटा हीटर, ज्याची जळणाची हवा आणि धूर दोन्ही गाडीच्या बाहेरच राहतात. धाकटी आधी साधा गॅसचा हीटर म्हणत होती, पण नळी नसलेला गॅस हीटर आतलाच प्राणवायू खातो आणि एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाणी हवेत सोडतो. गाडीच्या भिंती घामाने निथळतात आणि बुरशी धरते. चूल मात्र संध्याकाळपुरती राहील. आणि तिला हाक मारावीशी वाटली तर तिने आधी मुलींना मारावी, म्हणजे गाडी कुठे उभी आहे ते भाईंनी रोज रात्री कळवायचं.

थोरलीने मला निघताना विचारलं, "चाचा, मग धोका आहे की नाही?" मी म्हणालो, आहे. चुलीचा आहे आणि सोफ्याचाही आहे. चुलीच्या धोक्याला भोंगा मिळतो, सोफ्याच्या धोक्याला मिळत नाही.

भाईंचे मेसेज आता कुटुंबाच्या ग्रुपवर येतात: गाडी अमुक ठिकाणी, चूल विझवली, खुदा हाफिज. कधी फोटो, कधी फक्त एवढंच. गावातले लोक त्याला रोज 'माशाअल्लाह' टाकतात.

इकडे सुट्टी संपायच्या आत मी बाजारातल्या पत्रेवाल्याला घरी बोलावलं. चुलीवर पत्र्याचं तोंड आणि त्यातून छपराबाहेर जाणारी सहा इंची नळी, पावसासाठी वर टोपी. अम्मीने आधी कुरकुर केली, की स्वयंपाकघराची आगबोट केलीस. पेटवल्यावर पहिल्या दिवशी थोडा धूर आत आला, कारण नळी थंड होती. मी तिला सांगितलं, आधी झावळीचा मोठा जाळ कर, नळीला तापू दे, मग सोडण घाल. ती म्हणाली, "मला चूल शिकवतोस?" पण तसं केलं. धूर सरळ वर गेला. वरच्या टोपीवर एक चिमणी येऊन बसली होती, ती उडाली.